न बोलावलेले नऊजण

घोड्याचा नाल अर्ध्या तासात मिळाला आणि तिथेच सगळं बिघडलं.

तो मिळायला दोन दिवस लागले असते, थोडी पायपीट झाली असती, तर मानाजीराव पुढच्या फंदात पडलेच नसते. पण लष्कर मोहल्ल्याच्या तोंडाशी टांगा उभाच होता, घोडीचे नाल त्याच सकाळी बदललेले होते, आणि टांगेवाल्यानं "मुलीच्या लग्नाला ना, घ्या स्वामी" म्हणत जुना नाल हातावर ठेवला. मानाजीरावांनी तो रुमालात गुंडाळून घरी आणला आणि विहीणबाईंपुढे असा ठेवला, जणू पणजोबांनी लढाईतून आणला होता. पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते. ते लढाईला गेल्याचं कुणी सांगत नाही. मिरवणुकीत मात्र असत, आणि घोडा दोन्हीकडे तोच लागतो.

विहीणबाई म्हणजे ब्रीडा. मानाजीरावांची मुलगी सहाना आयर्लंडमध्ये, मेयो नावाच्या परगण्यात, नर्स आहे. तिथला डेक्लन नावाचा सहा फूट दोन इंच उंचीचा, लाजरा, सांबार दोनदा मागून घेणारा मुलगा तिनं पसंत केला. ब्रीडा त्याची आई. लग्न म्हैसुरात, आपल्या पद्धतीनं व्हायचं होतं. त्याबद्दल ब्रीडाबाईंची काही तक्रार नव्हती. फक्त नवरीजवळ एक नाल असावा, एवढंच त्या संकोचत म्हणाल्या होत्या. टोकं वर करून धरायचा, नाहीतर भाग्य खाली सांडतं.

नाल बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून मानाजीराव म्हणाले, "आणखी काही लागलं तर सांगा हं. संकोच करू नका."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात याआधी दोनदा उच्चारलं होतं. एकदा सासऱ्यांना आणि एकदा गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाला. दोन्ही वेळा तब्येतीवर परिणाम झाला होता.

यादी, जी लगेच वाढली

ब्रीडाबाईंनी सांगितलं: नवरीनं स्वतःच्या लग्नात गाऊ नये. नाचताना दोन्ही पाय एकदम जमिनीवरून उचलू नयेत, नाहीतर पऱ्या तिला पळवून नेतात. आणि हिरवा रंग अंगावर नको. तो पऱ्यांचा रंग. ज्या दिवशी त्यांनी हे सांगितलं, त्याच सकाळी सहानाच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून झाला होता.

"काढायचा?" मानाजीरावांची बायको अंबुबाई म्हणाली. "लग्नाच्या आधी हिरव्या बांगड्या काढायच्या? अय्यो! सहाना, विचार त्यांना, या पऱ्या कुठल्या?"

"त्यांच्या गावच्या, आई."

"मग इथे कशा येतील? त्यांना पासपोर्ट नको?"

सहानानं इंग्रजीत सांगितलं. ब्रीडाबाईंनी बराच वेळ विचार केला. पऱ्यांना समुद्र ओलांडता येतो का, याबद्दल त्यांच्या आजीनं काही सांगून ठेवलेलं नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या की हद्दीबाहेरचा प्रश्न असावा, आणि दुपारी स्वतःच डझनभर हिरव्या बांगड्या भरून आल्या.

जे घरात कुणी बोलत नव्हतं

मानाजीरावांचे थोरले भाऊ सयाजीराव म्हैसूरजवळ, वरुणा गावी राहतात. भात, थोडा ऊस, चार गाई. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचं, विक्रांतचं लग्न झालं. त्याचं आमंत्रण मानाजीरावांना फोनवर आलं. म्हणजे कुणी बोललंसुद्धा नाही. नुसतं चित्र आलं, हलणाऱ्या गणपतीचं. सख्ख्या धाकट्या भावाला! हळद नाही, कुंकू नाही, अक्षता नाहीत, दाराशी कुणी आलं नाही. मानाजीराव लग्नाला गेले नाहीत. तेव्हापासून बोलणं बंद.

आता सहानाची पत्रिका घेऊन मानाजीराव स्वतः वरुणाला गेले होते. घराला कुलूप होतं, म्हणून पत्रिका दाराच्या फटीतून सारून आले. दुसऱ्या दिवशी ती दुधाच्या गाडीबरोबर परत आली. मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'बोलावलंस म्हणून येणार नाही. वाजंत्री लावून बोलावलंस तरी येणार नाही.'

सहानाला सायकल शिकवली ती या काकांनी, कालव्याच्या बांधावर. पत्रिकेची मागची बाजू वाचून ती म्हणाली, "अप्पा, मला बाकी काही नको. काका हवेत." आणि आत गेली. मानाजीरावांना त्या रात्री नीट झोप लागली नाही, आणि नंतरच्याही.

पेंढेवाले (ब्रीडाबाईंनी सांगितले तसे, मानाजीरावांना समजले तेवढे)

लग्न लागतं. जेवणं होतात. नाच सुरू होतो. तेवढ्यात दारावर थाप पडते. बाहेर आठनऊजण. डोक्यावर पेंढ्याची उंच निमुळती टोपी, हनुवटीच्याही खाली येणारी, त्यामुळे तोंड दिसत नाही. कमरेला पेंढ्याचाच घोळ. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. म्होरक्या नवरीबरोबर नाचतो, मग सगळे नाचतात, घोटभर काही पितात आणि निघून जातात. ते आले तर संसार सुखाचा होतो. नियम एकच. ओळखलं तरी ओळखायचं नाही. नाव घ्यायचं नाही.

"पण ते असतात कोण?" अंबुबाईनं विचारलं.

"ज्यांना बोलावता आलेलं नसतं ते," ब्रीडाबाई म्हणाल्या. "माझ्या लग्नात आले होते, त्यातल्या एकाशी माझे वडील वीस वर्षं बोलत नव्हते. कुंपणाचं भांडण. त्या दिवशी वडलांनी स्वतः त्याचा पेला भरला."

"मग मिटलं भांडण?"

"छे! कुंपण अजून तिथेच आहे. पण पेला भरला."

या गोष्टीतलं महत्त्वाचं काय ते अंबुबाईला तिथल्या तिथे कळलं. मानाजीरावांना फक्त 'नऊजण, पेंढा, टोप्या' एवढं कळलं. ते म्हणाले, "व्यवस्था होईल."

"अहो, न बोलावलेली माणसं लग्नात आपोआप येतात," अंबुबाई म्हणाली. "त्याची सुम्मने, उगीचच्या उगीच, व्यवस्था कशाला?"

पण मानाजीरावांची चौतीस वर्षं सरकारी कचेरीत गेली होती. आपोआप होणाऱ्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता.

अर्ज

*मा. व्यवस्थापक, कल्याणमंटप, यांस.*
*विषय: न बोलावलेल्या पाहुण्यांच्या आगमनास परवानगी मिळणेबाबत.*
*महोदय, माझ्या मुलीच्या विवाहप्रसंगी दि. ११ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास नऊ अनोळखी इसम तोंड झाकून अनपेक्षितपणे येणार आहेत. तरी त्यांना येऊ द्यावे, ही विनंती.*

*शेरा (व्यवस्थापक, मंजुनाथ): नऊजणांची नावे जोडावीत.*
*उत्तर: नावे ठाऊक नसणे हीच प्रथा आहे.*
*शेरा: पेंढा पेट घेतो. वर होम चालू असेल.*
*उत्तर: ते खाली जेवणघरात येतील. मागच्या दाराने. दोन बादल्या पाणी ठेवतो.*
*शेरा: चार बादल्या. आणि पोलिसांचे पत्र.*

मंजुनाथ बन्नीमंटपाकडच्या त्या कल्याणमंटपाचा, म्हणजे मंगल कार्यालयाचा, व्यवस्थापक. वय तीस, पण चेहरा असा की कुठल्याही लग्नात नवऱ्यापेक्षा जास्त चिंतेत दिसायचा. दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवण्यात मानाजीरावांचं आयुष्य गेलं होतं. स्वतःचा अर्ज परत येतो तेव्हा कागद किती थंड लागतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

ठाण्यातल्या साहेबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, अर्ज दोनदा वाचला.

"स्वामी, ते येणार हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"हो."

"मग अनपेक्षित कसे?"

"मला अपेक्षित आहेत. लग्नाला अनपेक्षित."

"मला आधी सांगून आले तर ते पाहुणे. पाहुण्यांना परवानगी लागत नाही. न सांगता तोंड झाकून आले, तर मला यावं लागेल." साहेबांनी अर्जाची घडी घातली. "जेवणात काय आहे?"

मानाजीरावांनी त्यांना पत्रिका दिली.

या प्रकरणाची सुरुवात गायीनं खाल्ली

...म्हणून टोपीचा तो नमुना, फळवाल्याकडच्या सफरचंदांच्या खोक्यातल्या पेंढ्याचा, शेजारी शेषगिरींनी स्वतः विणला होता. शेषगिरी निवृत्त गणिताचे मास्तर. टोपी म्हणजे शंकू, आणि शंकूवर आपला अधिकार, असं त्यांचं म्हणणं. टोपीतून दिसतं की नाही हे बघायला मानाजीराव ती घालून गल्लीत पन्नास पावलं चालले. दिसत नव्हतं. पण मागून कुणीतरी प्रेमानं डोकं खेचतंय, एवढं जाणवत होतं.

"शेषगिरी, ओढू नका हो."

"मी कट्ट्यावर बसलोय, मानाजीराव," शेषगिरींचा आवाज बऱ्याच लांबून आला. "हलू नका. ती गोमाता आहे. शांतपणे खाऊ द्या."

अख्ख्या मोहल्ल्यासमोर, घोडदळाच्या वारसाची टोपी एका गायीनं शेंड्यापासून कपाळापर्यंत खाल्ली. बँडच्या दुकानातल्या माणसांनी काम थांबवून पाहिलं. कुणी हसलं नाही. लष्कर मोहल्ल्यात माणसाचा मान राखतात. सगळे दुकानात जाऊन हसले.

वजाबाकी

पण खरी अडचण टोपीची नव्हती. खरी अडचण माणसांची निघाली.

नऊजण हवेत. नाचणारे, ओळखीचे आणि न बोलावलेले. मानाजीराव यादी करायला बसले. शेषगिरी? बोलावलेले. बँडवाले? बोलावलेले, वर वाजवायलाही बोलावलेले. सकाळी फिरायला भेटणारे, दूधवाला, डोळ्यांचे डॉक्टर, निवृत्त सहकारी, त्या सहकाऱ्यांचे व्याही, सगळ्यांना पत्रिका गेलेली. टांगेवाल्याला गेलेली. ठाण्यातल्या साहेबांनाही. मानाजीरावांनी सातशे पत्रिका अशा वाटल्या होत्या की म्हैसुरात त्यांच्या ओळखीचा, लग्नाला न बोलावलेला माणूसच उरला नव्हता.

मग त्यांनी ते केलं, जे त्यांच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. ते शेषगिरींकडे गेले आणि म्हणाले, "तुमची पत्रिका जरा परत द्याल?"

शेषगिरींचा घास हातातच राहिला. "माझं काय चुकलं?"

"काही नाही. तुम्हाला न बोलावलेलं करायचंय. म्हणजे मग तुम्हाला येता येईल."

"पण मी येतोच आहे."

"तसे नका येऊ. न बोलावता या."

"मानाजीराव," शेषगिरी ताटावरून उठले, "माझी टोपी गायीनं खाल्ली, तेव्हा मी बोललो नाही. पण हा अपमान आहे." आणि आपली पत्रिका ते कपाटात ठेवून, कुलूप लावून आले.

घरी येऊन मानाजीराव यादीसमोर बसून राहिले. सातशे नावं, सगळ्यांपुढे खूण. अंबुबाई शेंगा सोलत होती.

"कुणीच कसं नाही हो?" मानाजीराव म्हणाले.

अंबुबाईनं एक शेंग सोलली. दुसरी सोलली. "एक आहे की," ती म्हणाली.

मानाजीरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग यादीकडे. मग चपला घातल्या.

वरुणा

सयाजीराव पेंढ्याच्या गंजीपाशी उभे होते. न वळताच म्हणाले, "पत्रिका आणली असशील तर समोर गाय आहे. तिला घाल."

गायीचा विषय मानाजीरावांच्या दृष्टीनं अजून ओला होता. तरी ते शांत राहिले. "पत्रिका नाही आणली, अण्णा. पेंढा हवाय."

"लग्नात पेंढा? वऱ्हाड चरायला येतंय काय?"

मानाजीरावांनी सगळं सांगितलं. मेयो, टोप्या, नाच, नाव न घेणं, कुंपणाचं भांडण, पेला. सांगता सांगता ती पेल्याची गोष्ट त्यांना स्वतःलाच पहिल्यांदा नीट ऐकू आली आणि ते मध्येच अडखळले.

"मग?" सयाजीराव म्हणाले. "नऊजण मिळाले?"

"एकही नाही. सगळ्या गावाला बोलावून बसलोय. न बोलावलेला, म्हणजे पत्रिका परत आलेला, माझ्या ओळखीचा एकच माणूस आहे आता."

सयाजीरावांचा पेंढी बांधणारा हात थांबला. "मला बोलावतोयस?"

"मुळीच नाही! तो गैरसमज नको म्हणून तर आलो." मानाजीरावांनी खिशातून कुंकवाची डबी काढली, अक्षतांची पुडी काढली, आणि ताठ उभे राहिले. "अण्णा, अकरा तारखेला माझ्या मुलीचं लग्न आहे. त्याचं तुम्हाला आमंत्रण नाही. सहकुटुंब नाही. सहपरिवार नाही. इष्टमित्रांसह तर नाहीच. मी स्वतः घरी येऊन सांगतोय, मागाहून म्हणू नका की नीट सांगितलं नाही."

वाऱ्यानं गंजीतल्या काड्या उडत होत्या. सयाजीराव धाकट्या भावाच्या हातातल्या डबीकडे बघत राहिले. तोंडातल्या तोंडात काहीतरी चावल्यासारखं करत होते, हसू होतं की शिवी, कळायला मार्ग नव्हता.

"झालं सांगून?"

"झालं."

"मग जा. आणि मान्या, माझ्या शेतातली काडीसुद्धा तुझ्या हातात देणार नाही."

मानाजीराव रिकाम्या हातांनी बसमध्ये बसले. चार वर्षांत भाऊ एवढं सलग त्यांच्याशी बोलला नव्हता. त्यातच समाधान मानावं की रडावं, याचा निर्णय घरापर्यंत झाला नाही.

अकरा तारीख

अंतरपाट डेक्लनच्या छातीपर्यंतच आला. त्यानं वरून सहानाला बघितलं, सहानानं हात केला, आणि भटजी ओरडले, "अजून नाही, अजून नाही!" मग दोन मामा खुर्च्यांवर चढले आणि लग्न उंचावर लागलं. सहानाच्या कमरेला नाल होता, टोकं वर करून. हिरवा चुडा होता. पऱ्या आल्या नाहीत.

साडेबारा वाजले. खाली जेवणघरात मागच्या दाराशी पाण्याच्या चार बादल्या मांडून मंजुनाथ उभा होता. पहिली पंगत उठली. पावणेएक झाला. एक वाजला. ब्रीडाबाई दाराकडे बघायच्या आणि लगेच दुसरीकडे बघून हसायच्या. सहाना बघत होती आणि हसतही नव्हती.

"सार, दार बंद करू?" मंजुनाथ म्हणाला. "कुत्री येतात."

"राहू दे अजून."

सव्वाएक. मानाजीराव सहानापाशी गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते. "बाळ, मी प्रयत्न..." एवढंच म्हणाले, आणि मागच्या आवारातून ताशाचा कडकडाट झाला.

पेंढ्याचं एक शेतच्या शेत दारातून आत शिरलं. पहिला आत आला त्याची टोपी चौकटीला अडकली. दुसऱ्याच्या टोपीला डोळ्यांची भोकं मानेपाशी होती, म्हणून त्याला हाताला धरून आणत होते. कुणाच्या टोपीत उसाची पानं खोचलेली. पाच, नऊ, तेरा... येतच राहिले.

"सार! अर्जात नऊ आहेत! हे एकोणीस आहेत!"

"अनपेक्षित आहेत ते, मंजुनाथ. मग आकडा कसा अपेक्षित असेल?"

म्होरक्या पुढे आला. उंच, जरा पोक काढलेला, ताजा पिवळाधमक पेंढा कमरेला. त्यानं सहानापुढे हात केला. सहानानं तो हात बघितला, नखांतल्या मातीसकट, आणि दोन्ही हातांनी धरला. काही बोलली नाही. नियम होता. नुसती नाचली, आणि नाचता नाचता रडली. ब्रीडाबाई बाजूनं ओरडत होत्या, "पाय! एक पाय खाली!" मग त्याही नाचल्या, डेक्लन नाचला, शेषगिरी बोलावलेले असूनही नाचले.

नाच संपला. मानाजीरावांनी स्वतःच्या हातानं ताकाचे पेले भरले आणि एकेकाला दिले. टोप्या बोटभर वर झाल्या, ताक आत गेलं. म्होरक्याचा पेला मानाजीरावांनी काठोकाठ भरला.

"आता ते जातील," ब्रीडाबाई कुजबुजल्या. "तशीच रीत आहे."

जातील? दुपारी दीड वाजता, लग्नाच्या घरातून, एकोणीस माणसं, न जेवता? मानाजीराव चक्रावले. थांबवलं तर टोप्या काढाव्या लागतील, टोप्या काढल्या तर चेहरे दिसतील, चेहरे दिसले तर ओळखावं लागेल. आणि ओळखलं, तर म्होरक्या बोलावल्यासारखा होईल आणि ताटावरून उठेल. मेयोची रीत मोडायची की म्हैसूरची?

ते खुर्चीवर चढले. घोडदळ जागं झालं.

"सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा!"

"काय?" अंबुबाई म्हणाली.

"भिंतीकडे! एकानंही मागं बघायचं नाही. हे लोक जेवणार आहेत."

वऱ्हाडानं एकमेकांकडे पाहिलं. मग शेषगिरी वळले. त्यांच्यामागून मामा वळले, बँडवाले वळले, ठाण्यातले साहेब सवयीनं सावधान होऊन वळले. डेक्लन वळला. दोनेकशे माणसं भिंतीला तोंड लावून उभी राहिली. पाठीमागे पानं पडल्याचा आवाज आला, मग बसल्याचा, मग पेंढा खाली ठेवल्याचा एक मोठा, सुटल्यासारखा, सळसळाट. वाढपी उलट्या पावलांनी वाढू लागले. सारू, म्हणजे आपलं सार, कुणाच्या तरी गुडघ्यावर पडलं. एक कन्नड शिवी ऐकू आली आणि भिंतीनं ती ऐकली नाही.

थोड्या वेळानं मागून एक जाडसर आवाज आला. "मीठ नाही इथे."

मानाजीरावांनी मिठाचं भांडं उचललं आणि पाठमोरे चालत निघाले. एक पाऊल, दुसरं. एका बादलीला अडखळले. आवाजापाशी थांबले आणि हात मागे केला. कुणीतरी चिमूटभर मीठ घेतलं. हात मात्र तिथेच राहिला, त्यांच्या मनगटावर.

"विक्रांतला मुलगी झालीय," आवाज म्हणाला. "सव्वा महिन्याची आहे."

मानाजीराव समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर बोर्ड होता, 'अन्न वाया घालवू नका.' तो त्यांना नीट दिसेना.

"बारसं अजून व्हायचंय. बोलवायला मी स्वतः येणार आहे. या आठवड्यात." मनगटावरचा हात जरा घट्ट झाला. "घरी असशील ना?"

"असेन," मानाजीराव भिंतीला म्हणाले.

बारा तारीख

सकाळी सात वाजता मानाजीराव कडक इस्त्रीचा शर्ट घालून दारासमोर खुर्ची टाकून बसले.

"अहो, आजच कुठले येतात? आठवड्यात म्हणालेत," अंबुबाई म्हणाली. "भाजी तरी घेऊन या."

"तू जा," मानाजीराव म्हणाले. "मी घरी आहे."